न हरवलेली शेळी

सगळी नोकरी मी मुलांना बालाघाटचे डोंगर शिकवण्यात घालवली. भिंतीवर नकाशा टांगायचा, पट्टीचं टोक ठेवायचं आणि म्हणायचं, ही बघा रांग, इथून अशी आग्नेयेकडे उतरत जाते. घर येडशीला आणि शाळा तेरला. रोज बसच्या खिडकीतून तीच रांग दिसायची, पण तिच्यावर पाय ठेवावा असं कधी मनात आलं नाही. डोंगरावर कामाशिवाय कोण जातं? शेळ्या राखणारे जातात, वनखात्याची माणसं जातात, श्रावणात देवाला जाणारे जातात. भूगोलाच्या बाईंनी जावं असं काही कारण नव्हतं. ते कारण माझ्या नवऱ्याच्या छातीनं दिलं.

नवऱ्याचं गावात किराणा आणि भुसार मालाचं दुकान आहे. समोर मी त्याला अहो-जाहो करते, पण लिहिताना ‘तो’ लिहिते. एवढी मोकळीक कागदावर तरी असावी. सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून तो गादीवर बसायचा, तो रात्री शटर ओढायलाच उठायचा. मालाला हात लावायला गडी, चहा आणायला समोरचं हॉटेल, जेवायला घरून डबा. आमचं घर दुकानाच्या मागेच आहे, तरी डबा लागायचा. चालणं हा प्रकार त्याच्या आयुष्यात नव्हता आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी, गणपती उठल्यानंतर, ज्वारी जोखता जोखता तो खाली बसला. सोलापूरला नेलं. रक्तवाहिनीत स्टेंट टाकला. डॉक्टर भले होते, त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, माझं काम झालं. आता हे एकटे, मनात भीती न ठेवता चालायला लागले की समजा बरे झाले. तोपर्यंत नाही.”

शरीर घरी आलं, माणूस आलाच नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायचा. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, नाडी बघत. बाहेर कुणी मोठ्यानं बोललं तरी नाडी बघायचा, जेवण झालं की बघायचा, बातम्या लागल्या की बघायचा. दुकान गड्यावर सोडलेलं. मुलगा पुण्याहून आला, चार दिवस राहिला, आणि जाताना म्हणाला, “आई, पुढच्या गणपतीपर्यंत बघू. पप्पा असेच राहिले तर दुकान आवरून तुम्ही दोघं माझ्याकडे या. लिफ्ट आहे, समोरच दवाखाना आहे.” पोरगा चुकीचं काही बोलत नव्हता. पण मला पुण्याला जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पुण्याची एवढी धास्ती नव्हतीच. मला माझा माणूस परत हवा होता. खुर्चीतल्या माणसाला इथं सांभाळलं काय आणि तिथं सांभाळलं काय, सारखंच.

दिवाळीनंतर मी त्याला सकाळी घाटाच्या रस्त्यानं पाठवायला लागले. तोही मुकाट्यानं जायचा. अर्ध्या तासानं परत यायचा, अगदी ताजातवाना. कपाळाची विभूतीसुद्धा हललेली नसायची. मला वाटलं, वा, बरं जमतंय. एक दिवस दूध घालायला आलेला पोरगा म्हणाला, “बाई, आप्पास्नी घाटापाशी रोज म्याच सोडतो की. येताना उसाचा ट्रॅक्टर असतोयच.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आमच्या भागात माणसाला चालू देत नाहीत. वयस्क माणूस रस्त्यानं पायी दिसला म्हणजे त्याची बस चुकली, नाहीतर त्याच्या घरी काहीतरी बिनसलं. मोटारसायकल थांबणारच. “कुठं निघालाव आप्पा? बसा की.” नको म्हटलं तर, “आमच्या गाडीवर बसायला काय होतंय?” ह्याच्यापुढं बोलायची सोयच नाही.

“मग नको कसं म्हणायचं?” नवरा मलाच विचारायला लागला. “तो गाडी थांबवतो, पाय टेकतो, मागची सीट हातानं पुसतो. न बसलं तर त्याला काय वाटंल?”

“डॉक्टरांना काय वाटेल?”

“ते सोलापूरला हायेत.”

माझं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. राग फार झाला की माझ्या तोंडून कन्नड निघतं. मी म्हटलं, “साकु.” म्हणजे पुरे. नवऱ्याला कन्नड येत नाही, पण लग्नापासून हा एवढा शब्द त्याला चांगला येतो. दुसऱ्या दिवशी मी स्वतः चपला घालून त्याच्याबरोबर निघाले, आणि जिथं कुणाची गाडी जाऊच शकत नाही अशी वाट धरली. आमच्या घरामागून शेतांच्या बांधावरून ती अभयारण्याच्या कडेला जाते आणि तिथून डोंगरावर चढते.

कार्तिकातली सकाळ होती. गवत वाळून सोनेरी झालेलं आणि दवानं भिजलेलं. चार पावलांत साडीचा काठ कुसळांनी भरला. नवरा प्रत्येक वळणावर थांबायचा, मनगट धरायचा, ओठ हलवत मोजायचा. मी त्याच्याकडं न बघता पुढं बघत उभी राहायचे, कारण बघितलं की माझाही जीव घाबरा व्हायचा. पहिल्या चढाला त्यानं माझा हात धरला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण गावात आम्ही कधी हात धरून चाललो नव्हतो. तिथं बघायला होल्यासारखं पाखरूही नव्हतं, तरी मला लाजल्यासारखं झालं. चढ संपला तरी त्यानं हात सोडला नाही. तो प्रेमानं धरलेला हात नव्हता, बुडणारा माणूस फांदी धरतो तसा होता.

पाच-सहा दिवस असे गेले. मग आक्का भेटली.

आक्का म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवर राहणारी, आमच्याच वयाची बाई. अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या माळावर शेळ्या राखायची. ती आम्हाला रोज लांबून बघत होती. दोन भली माणसं, एक दुकानदार आणि एक मास्तरीण, हातात ना कोयता ना पिशवी, सकाळी सकाळी डोंगरावर जातात, जागोजाग थांबतात, खाली मान घालून उभी राहतात. तिनं तिच्या परीनं विचार केला आणि वाट अडवून विचारलं, “आप्पा, शेळी हरवली का काय?”

आता ह्यावर सरळ सांगता आलं असतं. फिरायला आलोय, डॉक्टरांनी सांगितलंय. पण माझा नवरा व्यापारी माणूस. कामधंदा सोडून उगाच हिंडतोय हे चारचौघांत सांगणं त्याला उघड्यानं बाजारात जाण्यासारखं. आणि दुखण्याचं तर नावच नको. भुसार दुकानदार आजारी आहे म्हटलं की लोक दुसऱ्या दुकानाची वाट धरतात, असं त्याचं पक्कं मत. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, “व्हय.”

“कसल्या रंगाची?”

“तांबडी,” तो म्हणाला. आणि आपलं खोटं उघडं पडू नये म्हणून पुढं म्हणाला, “एका कानाला पांढरा ठिपका हाय.”

आक्कानं माझ्याकडं बघितलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलेलं आहे. पण तिची ती काळजीनं भरलेली नजर बघून माझ्या तोंडातून काय निघावं? “गाभण होती हो.” अजूनही मला कळत नाही की ते मी का म्हटलं. नवरा माझ्याकडं बघतच राहिला.

गाभण म्हटल्यावर आक्काचा जीवच खाली-वर झाला. तिनं तिथूनच हाक मारून वस्तीवरच्या पोरांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर पाच-सहा जण आमची वाट बघत उभे. एकानं कुठल्यातरी ओघळीत तांबडं काहीतरी बघितलेलं होतं. “आप्पा, तुमी ह्या अंगानं या, आमी त्या अंगानं येतो, मधी सापडंल,” आक्का म्हणाली, आणि माझा नवरा, ज्याला चौथी पायरी चढताना घाम फुटायचा, तो बाभळीची काटकी हातात घेऊन ओघळीत उतरला.

मी वर काठावर उभी राहून देवाचं नाव घेत होते. खाली तो झुडपं बाजूला करत चालला होता. मधेच “यू यू” अशी शेळीला हाक मारायचा. नसलेल्या शेळीला एवढ्या मायेनं हाक मारताना कुणाला मी पहिल्यांदाच बघत होते. एक ससा निघाला, चार तित्तर उडाले. पलीकडच्या बाजूनं तो वर आला तेव्हा धापा टाकत होता, सदऱ्याला काटे, तोंडावर ऊन. मला म्हणाला, “न्हाय सापडली.” आणि तोंड खरोखर उतरलेलं. घरी जाताना माझ्या लक्षात आलं, त्यानं त्या दिवशी एकदाही मनगट धरलं नव्हतं.

त्यामुळं मी गप्प बसले. औषधानं जे होत नव्हतं ते खोट्यानं होत होतं, आणि माझ्या सगळ्या मास्तरकीला मी आठ-दहा दिवस सुट्टी दिली. रोज नवी खबर असायची. आज रामलिंगाच्या देवळाच्या वरच्या अंगाला दिसली, काल धावड्याच्या रानात लेंड्या दिसल्या. नवरा सकाळी माझ्याआधी तयार व्हायला लागला. आमच्या गल्लीतही बातमी पोचली आणि बायका माझं समाधान करायला आल्या. “जाऊ द्या बाई, लांडग्यानं न्हेली असंल. जिवाला लावून घेऊ नका.” मी मान हलवायचे आणि चहा ठेवायचे. आमच्या घरी कधी शेळी होती का, एवढा साधा प्रश्न त्यांच्यातल्या एकीलाही पडला नाही, कारण दुःखात असले प्रश्न विचारायचे नसतात.

शेवटी वनरक्षक दुकानात आला. तरुण पोरगा, बोलायला नम्र. म्हणाला, “आप्पा, अभयारण्यात चराईला बंदी हाय. तुमची शेळी आत कशी गेली?” आता कायद्याचं नाव निघाल्यावर नवऱ्यानं त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगून टाकलं. पोरगा भिंतीला टेकून हसत राहिला. मग गंभीर होऊन म्हणाला, “पण आक्काला तुमीच सांगा. म्या सांगणार न्हाय. तिची काठी लई लांब हाय.”

सांगू सांगू म्हणता मार्गशीर्षातली अमावस्या आली. तिला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी आमच्या भागात गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, आंबील, खीर, जे असेल ते पोटभर जेवायचं. बांधावरून जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारायचीच. नवऱ्याच्या चुलतभावाचं शेत डोंगराच्या अगदी पायथ्याला आहे, आम्ही तिथं गेलो होतो. हरभरा घाट्यावर आलेला, ज्वारी डोक्याएवढी, करडई काट्यावर आलेली. आक्का बांधावरून चालली होती, तिला बोलावून बसवलं.

ती जेवायला बसण्याआधी कोपीत गेली. बराच वेळ वाकून हात जोडून उभी राहिली. बाहेर आल्यावर सहज म्हणाली, “आप्पा, पांडवास्नी मागणं घातलं बगा. तुमची शेळी सुखरूप घरी येऊ दे. पोटुशी जीव हाय.”

नवऱ्याच्या हातातला उंडा हातातच राहिला. मी त्याला डोळ्यांनी नको नको म्हणत होते, निदान जेवण होऊ दे. पण त्याला ते सहन झालं नाही. देवाच्या नावावर त्यानं कधी मापात मारलेलं नाही, एवढं मी छातीठोक सांगू शकते. तो म्हणाला, “आक्का, शेळी न्हायच. म्या फिरायला येतो. मला हार्टचा त्रास झालाता. सांगायला लाज वाटली.”

आक्कानं ताटाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्तच, त्या ‘गाभण’साठी. “दोन करडं घरात कोंडून म्या तुमची शेळी हुडकत हिंडले,” ती म्हणाली. “पोरांच्या पायात काटे मोडले.” आवाज चढलेला नव्हता. ताटाला नमस्कार करून ती उठली आणि बांधावरून निघून गेली. येळवशीला ताटावरून उठून जाणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नवरा म्हणाला, “चल.” दुखण्यानंतर तो आपणहून ‘चल’ म्हणाला ते त्या दिवशी पहिल्यांदा.

वस्तीवर आक्का शेळ्या सोडत होती. आम्हाला बघून न बघितल्यासारखं केलं. नवरा अंगणात उभा राहिला, हात जोडले, चुकलं म्हणाला. तिनं आधी सगळ्या शेळ्या बाहेर काढल्या. मग काठी टेकून त्याच्यासमोर उभी राहिली. “फिरायला यायचं, त्यात काय चोरी हाय? ही रानची पाखरं कुणाला इचारून फिरत्यात? तसं सांगायचं. म्हना आता.”

“काय म्हणू?”

“फिरायला आलो, म्हना.”

तिच्या सुना दारात उभ्या होत्या. आमचे हे, ज्यांच्या दुकानात अर्धं गाव उभं राहतं, ते खाली बघत पुटपुटले, “फिरायला आलो.”

“मोठ्यानं. म्या वाइच कमी ऐकते.”

“फिरायला आलो,” तो मोठ्यानं म्हणाला. सुना पदराआड हसल्या, मीही हसले, आणि आक्कानं आम्हाला शेळीच्या दुधाचा चहा दिला. तो चहा गोड लागला असं मी म्हणणार नाही, वास येत होता. पण दोघांनीही बशी पुसून काढली.

त्यानंतर आम्ही खरंच फिरायला लागलो. माघात डोंगरावरची पानं झडली आणि फाल्गुनात पळस फुलला. झाडावर एक पान नाही आणि नुसती केशरी फुलं. इतकी वर्षं मी बसमधून ते लांबून बघत आले होते, झाडाखाली उभं राहिल्यावर कळलं की वर केवढा गोंगाट चालतो. मैना, कोतवाल, बुलबुल, खारी, सगळे एका झाडावर जेवायला बसलेले. नवऱ्याला पाखरांची नावं येत नव्हती, त्यानं आपली नावं ठेवली. मैनेला तो उधारीवाली म्हणायचा, कारण ती खायची आणि भांडायची. कोतवालाला मात्र कोतवालच म्हणायचा, त्याचा रुबाबच तसा.

मीही रोज काहीतरी शिकत होते, हे मुलांनी ऐकलं तर हसतील. मुलांना मी सांगायचे की ही कठीण काळ्या बेसाल्टची रांग. आता त्या बेसाल्टवर बसून पाणी पिताना तो सकाळी गार आणि नऊला पोळणारा दगड आहे हे मला साडीतून कळत होतं. उन्हाळ्यात गवत संपलं आणि डोंगराची सगळी हाडं दिसायला लागली. माथ्यावरून आमचं गाव दिसायचं, रेल्वेचा रूळ, बार्शीकडं जाणारी वाट, आणि तेरकडं पुसट होत गेलेली झाडांची ओळ. वनखात्याच्या पाणवठ्यावर मोर यायचे. आम्ही लांब बसून बघायचो. मोर पाणी पिताना इतका घाबरट दिसतो की त्याच्या पिसाऱ्याचा तोरा खरा वाटत नाही.

पण भीती तशी सरळ जात नाही. वैशाखात एका सकाळी निघायला उशीर झाला, ऊन लागलं, आणि उतरताना त्याला घेरी आली. मी त्याला खैराच्या विरळ सावलीत बसवलं, पाणी पाजलं, पदरानं वारा घातला. पाच मिनिटांत ठीक झाला. सोलापूरला जाऊन सगळं तपासलं, काही नव्हतं, नुसतं ऊन. तरी घरी आल्यावर तो पुन्हा त्या खुर्चीत बसला आणि महिनाभर उठला नाही. पुन्हा बोटं मनगटावर. मुलाचा फोन यायचा, मी खरं काय ते सांगायचे. तो म्हणायचा, “आई, आता हट्ट नको. गणपतीला येतो, तेव्हाच सामान बघू.” फोन ठेवला की मला रडू यायचं. आणि रडण्यापेक्षा रागच जास्त यायचा. नवऱ्यावर, त्या उन्हावर आणि स्वतःवर, कारण मीही आतून हरले होते. एक दिवस मी कपाटातल्या जुन्या साड्या काढून, द्यायच्या आणि न्यायच्या अशा दोन ढिगांत लावायला घेतल्या.

आषाढात आक्का मीठ घ्यायला दुकानात आली. नवरा त्या दिवशी जरा वेळ गादीवर बसला होता. चार गिऱ्हाइकं उभी. आक्कानं पिशवी पुढं केली आणि सगळ्यांदेखत खड्या आवाजात विचारलं, “आप्पा, फिरायला का येईनात?” गिऱ्हाइकांनी मागं वळून आप्पांकडं बघितलं. नवऱ्यानं मीठ मापून पिशवीत ओतलं. मग म्हणाला, “येणार की. उद्या येणार.” आणि दुकानात सांगितलेला शब्द तो मोडत नाही.

पाऊस चालू झालेला होता आणि ओळखू येऊ नये इतका डोंगर बदललेला. ज्या दगडावर आम्ही बसायचो तो शेवाळला होता, ज्या ओघळीत शेळी हुडकली होती तिच्यातून पाणी वाहत होतं. रविवारी रामलिंगाच्या धबधब्यावर लातूर-बार्शीकडची पोरं यायची, फोटो काढायची, ओरडायची. आम्ही त्या दिवशी घरी राहायचो आणि सोमवारी सकाळी, सगळं शांत झाल्यावर, जायचो. चढ कमी केला होता. थोडं वर जायचं, धुकं बघायचं, परत यायचं. नवरा चालत होता, हसत होता, पण माझा हात त्यानं सोडला नव्हता. मी एखादं फूल बघायला दोन पावलं मागं राहिले तरी तो थांबून राहायचा, आणि ते थांबणं मला कळायचं. श्रावण सरत आला. गणपती तोंडावर आले. डॉक्टरांनी सांगितलेलं झालं नव्हतं, हे मी मनाशी कबूल करून बसले होते.

अशात एक दिवस मला जाग आली तर भिंतीवर ऊन आलेलं. शेजारची खाट रिकामी. दुधाचं भांडं दारात तसंच, दुकानाचं शटर बंद, खुर्ची रिकामी. मुलानं पाठवलेले बूट जागेवर नव्हते.

मी केस तसेच गुंडाळले आणि घरातल्या साडीवरच निघाले. बांधावरून अक्षरशः पळत गेले. वाटेत एकानं विचारलं, कुठं निघालाव बाई, मी थांबले नाही. चढाला लागले तेव्हा मला धाप लागली होती. डोळ्यांपुढं नको नको ती चित्रं. ह्या वळणावर बसलेला असेल, त्या वळणावर पडलेला असेल. शेवाळलेल्या दगडावरून मी दोनदा घसरले, हाताला खरचटलं. वैशाखातल्या त्या खैराखाली कुणी नव्हतं. मी त्याला हाक मारली आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

तो माथ्यावर होता. ओल्या गवतात रुमाल पसरून त्यावर बसलेला, गुडघ्यांवर हात, खाली गावाकडं बघत. आवाजानं त्यानं वळून बघितलं. चेहरा इतका निवांत होता की माझा भडका उडाला. मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. मराठी पुरलं नाही, कन्नडही झालं. सांगून जाता येत नव्हतं? मला उठवता येत नव्हतं? वाटेत काही झालं असतं तर?

त्यानं मला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाला, “झोपली होतीस.”

“म्हणून काय झालं? उठवायचं.”

“घोरत होतीस.”

“मी घोरत नाही.”

“वर्षभर न्हाय घोरलीस,” तो म्हणाला. “वर्षभर तू झोपलीस कुठं? माझ्या श्वासाला कान लावून पडायचीस. मी जरा कूस बदलली की तुझा हात छातीवर यायचा. मला कळत नव्हतं असं वाटलं का तुला? मी पण डोळे मिटून पडून राहायचो, तुला वाटावं झोपलाय. आज जाग आली तर तू गाढ झोपलेली. हलवलं तरी हललीस न्हाय. मग म्हटलं, आता जायला हरकत न्हाय.”

मी त्याच्या शेजारी ओल्या गवतात बसले. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, मुलाला नाही, बहिणीला नाही. इतके महिने मी त्याची भीती घालवायला त्याला डोंगर दाखवत होते आणि तो बिचारा माझ्या झोपेची वाट बघत थांबला होता. मला रडू आलं ते आवरेना. त्यानं आवर म्हटलं नाही. खाली धुकं उठत होतं आणि एकेक घर दिसायला लागलं होतं.

त्यानं खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, “पोराला फोन लाव. इथं रेंज येते.”

मी तोंड पुसलं आणि म्हटलं, “तुम्हीच लावा.”